शेजारचा चालला, आपली का नाही?

मिहानमधल्या ऑफिसातून दमूनभागून धरमपेठेतल्या घरी यावं, तर आईचा प्रश्न तयार : ‘शेजारचा अकराव्या महिन्यातच चालला, आपली अजून बसलेलीच!’ झालं, रात्रभर टेन्शन.

जरा दम धरा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या नोंदी जाहीर केल्या. आधाराशिवाय बसणं साधारण चार ते नऊ महिन्यांत, एकट्यानं चालणं आठ ते साडेसतरा महिन्यांत. काही बाळं तर रांगतच नाहीत! बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून वय मोजा.

पण ‘याचे बाबाही उशिराच चालले’ म्हणत थांबूही नका. नऊ महिने उलटूनही बसत नसेल, दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल, अंग फार सैल किंवा ताठ वाटत असेल, वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल किंवा जमणारी गोष्ट बंद झाली असेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना गाठा. व्यायाम-उपचार लवकर सुरू झाले, तर फायदा जास्त. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते.

आणि चाकांचा वॉकर? नकोच. त्यानं चालणं लवकर येत नाही, पडायची भीती मात्र वाढते. त्यापेक्षा आज सतरंजी अंथरा, मोबाइल बाजूला ठेवा आणि लेकीसोबत खाली बसा.