मीरा रोडच्या घरात लॅब्रेडोर की कारवान?
मीरा रोडच्या सदनिकेत श्वान पाळण्याचा मनसुबा असेल, तर लॅब्रेडोरच्या लडिवाळपणाने हुरळून जाण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे की, न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यासाठी घडलेला त्याचा दुपदरी केशसंभार भाईंदर खाडीच्या दमट हवेत बारमाही झडतो, लादीवर पुंजके साचतात, आणि ३० किलोंच्या या खादाडाला लाडाने चारलेली प्रत्येक पोळी पुढे सांध्यांना भोवते. आपला दख्खनी शिकारी श्वान कारवान, ज्याच्या मुधोळ शाखेला तिथले संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी राजाश्रय दिला व जिचे टपाल तिकीट २००५ साली निघाले, तो आखूड केसांचा, मिताहारी, घरात निमूट. परंतु मांजर दिसताच साखळीवाचून त्याचा बंदोबस्त अशक्य. लहान मुलांच्या घरास मी, काहीशा नाखुशीने, लॅब्रेडोरचीच शिफारस करीन. पहाटे धावणाऱ्यास मात्र निःसंशय कारवान.