सशर्त वैधता तपासणी

महाजालावरील अर्जात भरलेली माहिती ग्राह्य आहे की नाही, हे ठरविणारा नियम त्याच अर्जातील दुसऱ्या उत्तरावर अवलंबून असेल, तर त्या तपासणीस ‘सशर्त वैधता तपासणी’ म्हणतात. अर्जातील माहितीची संगणकाने बाळगलेली रचना म्हणजे प्रतिमान. मुख्य प्रतिमानात पत्ता, भागीदार यांसारखी लहान प्रतिमाने सामावलेली असतात. त्यांना पोटप्रतिमाने म्हणता येईल.

वस्तू व सेवा कराच्या (१ जुलै २०१७ पासून लागू) नोंदणीचा अर्ज हे याचे परिचित उदाहरण होय. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील गुलमंडी या जुन्या बाजारपेठेतील एखादा कापड दुकानदार तो भरीत आहे, असे समजू. व्यवसाय एकट्याच्या मालकीचा असल्यास मालकाचा तपशील पुरतो. भागीदारी असल्यास भागीदारांचा द्यावा लागतो. गोदाम अन्यत्र असल्यासच त्याचा पत्ता आवश्यक ठरतो. पॅन हा क्रमांक दहा वर्णांचा असून त्यातील चौथे अक्षर धारकाचा प्रकार दर्शविते : व्यक्तीसाठी ‘पी’, भागीदारी संस्थेसाठी ‘एफ’, कंपनीसाठी ‘सी’. त्यामुळे चौथे अक्षर ‘पी’ असलेला क्रमांक स्वतः निर्दोष असूनही भागीदारी संस्थेचा क्रमांक म्हणून अग्राह्य ठरतो.

कार्यपद्धती : प्रथम मुख्य प्रतिमानातील निर्णायक उत्तर तपासतात. त्यानुसार कोणती पोटप्रतिमाने लागू आहेत हे ठरवून केवळ त्यांचीच तपासणी करतात. चूक आढळल्यास ‘दुसरा भागीदार : नाव’ असा नेमका रकाना दाखवितात. हा क्रम न पाळल्यास एकट्या मालकाचा अर्ज पडद्यावर न दिसणाऱ्या भागीदाराच्या रिकाम्या रकान्यापायी अडतो. उलटपक्षी भागीदारी संस्थेचा अर्ज भागीदारांवाचून स्वीकारला जातो. अर्जदाराने व्यवसायाचा प्रकार मध्येच बदलल्यास आधी भरलेला गैरलागू तपशील वगळावा लागतो.

ही तपासणी दोन ठिकाणी होते. अर्जदाराच्या संगणकावरील तपासणी त्याला तत्काळ सूचना देते. परंतु ती टाळता येत असल्याने माहिती स्वीकारणाऱ्या मध्यवर्ती संगणकावरील तपासणीच अंतिम मानावी लागते. कायद्यातील मर्यादा व अटी बदलत असल्याने प्रत्येक नियम आज्ञावलीत एकाच जागी नोंदविणे इष्ट असते. मात्र या तपासणीने माहितीतील सुसंगती तेवढी कळते. तिची सत्यता पडताळण्यासाठी कागदपत्रे व प्रत्यक्ष चौकशी यांचाच आधार घ्यावा लागतो.