फोल्डरचं दार उघडेना!

समजा जळगावात एक शाळा आहे. तिथल्या आठवी-नववीच्या मुलांनी एक छान काम हाती घेतलंय. आपापल्या आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या. कुणी वहीत लिहून आणतं, कुणी मोबाइलवर आवाज टिपून आणतं. सगळं जमा होतं शाळेच्या मुख्य संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये. त्याचं नावच ‘ओव्या’.

शनिवारची सकाळची शाळा. आठवीतली एक मुलगी आल्या आल्या आपल्या नावाने लॉग-इन करून बसली. ती या कामात नवीनच. सरांनी आपल्या संगणकावरून तिचं नाव ‘ओव्या’ गटात घातलं. “झालं बघ, आता टाक तुझं गाणं,” असं म्हणून ते धुळ्याची बस गाठायला निघून गेले.

मुलीने फोल्डरवर टिचकी मारली. पडद्यावर पाटी आली – ‘प्रवेश नाकारला’. पुन्हा मारली. पुन्हा तेच!

“सरांनी तर नाव घातलं ना गं?”

“घातलं की! मी बघितलं.”

नववीतला एक दादा पुढे आला. सरांचा पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर आहे, हे त्याला ठाऊक होतं. “सोप्पंय भो! सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकू.” दोन मिनिटांत त्याने तसं केलं. फोल्डर उघडलं! टाळ्या पडल्या.

तिसऱ्या दिवशी सहावीतला एक मुलगा चित्र काढत होता. चित्र साठवायला जागा कमी पडली. समोर एक अनोळखी फोल्डर दिसलं. त्याने ते पुसून टाकलं. खोडी म्हणून नव्हे हं, जागा करायला! शोधाशोध झाली, पण ‘रिसायकल बिन’ रिकामी. दुसऱ्या संगणकावरून, नेटवर्कमधून पुसलेली फाइल सहसा आपल्या बिनमध्ये येतच नाही.

सरांकडे पंधरा दिवसांपूर्वीची एक प्रत होती, म्हणून बरंचसं वाचलं. त्यानंतरचं मात्र गेलं. ती मुलगी पुन्हा आजीकडे गेली, तर आजी हसून म्हणाली, “तीच ओवी आता कुठून आठवू, पोरी? आज दुसरी सुचतेय, ती घे.”

गेलेली ओवी परत येत नाही

ही गोष्ट समजा म्हणून सांगितली, पण तिच्यातलं नुकसान खरं असतं. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) तुम्हाला ठाऊक आहेतच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी त्यातली काही उतरून ठेवली. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. जी उतरली गेली, त्यातली काही आज आपल्या पाठ्यपुस्तकात आहेत. जी राहिली, ती वाऱ्यावर गेली.

म्हणून जपणं महत्त्वाचं. आणि जपायचं म्हणजे कुणाला काय करता येईल, हे आधी ठरवायचं.

सर धुळ्याला गेले होते ना? त्या धुळ्यात जुनी कागदपत्रं जपणारं राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, त्यांच्या स्मरणार्थ ते निघालं. तिथेच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकरराव देवांनी जमवलेल्या रामदासी पोथ्या तिथे आहेत. अशा पोथ्या अभ्यासकाला वाचता येतात. पण त्याने खिशातलं पेन काढून पानावर दुरुस्ती केली, तर कसं चालेल? वाचायची परवानगी वेगळी आणि लिहायची वेगळी. संगणकातही अगदी हेच असतं.

पासवर्ड झाले सुविचार!

ही कुलपं आली कुठून? १९६१ साली अमेरिकेतल्या ‘एमआयटी’ या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने एकच संगणक अनेकांनी वापरायची पद्धत दाखवली. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून तिथे पासवर्ड आले. पण १९६२ सालीच ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याने पासवर्डची अख्खी यादी छापून घेतली. का? तर संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून!

१९६६ साली तर गंमतच झाली. दोघे जण एकाच देखरेखीच्या खात्यातून एकाच वेळी काम करत होते. एक पासवर्डची यादी दुरुस्त करत होता आणि दुसरा रोजची सूचना लिहीत होता. दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली. मग लॉग-इन करील त्याला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले! एकच मोठी किल्ली अनेकांच्या हाती असली, की असं होतं.

पुढे १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ‘युनिक्स’चं काम सुरू केलं. आजचं लिनक्स त्याच वळणाचं आहे. विंडोजमध्ये अशी पक्की कुलपं १९९३ च्या ‘एनटी’पासून आली. आईबाबांना विंडोज ९५ आठवत असेल. त्यात मात्र संगणकापुढे बसेल तो कुठलंही फोल्डर उघडू शके.

चार, दोन, एक

लिनक्समध्ये प्रत्येक फोल्डरपुढे माणसांचे तीन प्रकार असतात: मालक, गट आणि इतर. आणि परवानग्याही तीनच. वाचणे म्हणजे ४, लिहिणे म्हणजे २, चालवणे म्हणजे १. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ म्हणजे आत पाऊल टाकणे. आता बेरीज करा. ४+२+१=७, म्हणजे सगळं काही. ४+१=५, म्हणजे आत जा, वाचा, पण लिहू नका.

‘ओव्या’ फोल्डरवर सरांनी ७७० ठेवलं होतं. सरांना सगळं, गटाला सगळं, इतरांना काही नाही. दादाने केलं ७७७! आणि लक्षात ठेवा, फोल्डरवर ‘लिहायची’ परवानगी म्हणजे त्यातल्या फाइली पुसायचीही परवानगी, बरं का!

मग चुकलं कुठे?

फोल्डर उघडेना, तर घाईने सगळी दारं उघडू नका. क्रमाने चार प्रश्न विचारा.

१. मी कोण? कुणाच्या नावाने लॉग-इन झालंय, ते पाहा. ‘हू ॲम आय’ हे शब्द इंग्रजीत जोडून टाइप केले, की विंडोज आणि लिनक्स दोन्ही नाव सांगतात.

२. मी कोणत्या गटात आहे? इथेच त्या मुलीचं घोडं अडलं! लॉग-इन करताना संगणक आपल्या गटांची यादी एकदाच पाहतो आणि जणू ओळखपत्र देतो. त्यानंतर नाव घातलं, तर जुन्या ओळखपत्रावर ते येत नाही. तिने फक्त लॉग-आउट करून पुन्हा लॉग-इन करायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम!

३. वाटेवरची दारं उघडी आहेत का? खोलीची किल्ली आहे, पण वाड्याचा दिंडी दरवाजाच बंद, तर काय उपयोग? बाहेरच्या फोल्डरमध्ये पाऊल टाकायची परवानगी हवी.

४. कुठे नकार आहे का? विंडोजमध्ये आपण दोन गटांत असलो, एकाला ‘होकार’ आणि दुसऱ्याला ‘नकार’ असला, तर सहसा नकार जिंकतो.

एवढं करून अडलं, तर ज्याच्याकडे ते काम आहे त्या मोठ्यांना सांगा आणि थांबा. पासवर्डची चिठ्ठी ठाऊक असली तरी!

आईबाबांसाठी

घरच्या संगणकावर मुलांना वेगळं, साधं खातं द्या. देखरेखीचं खातं रोजच्या कामाला स्वतःही वापरू नका. कीबोर्डखालची चिठ्ठी आजच फाडा. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या जागी ठेवा. परवानग्या कितीही नेमक्या असल्या, तरी ज्याला लिहायची मुभा आहे त्याच्या हातूनही चूक होतेच.

ओळखा पाहू!

एका फोल्डरवर ७५० लिहिलंय. गटातल्या मुलांना त्यात नवी ओवी टाकता येईल का? आणि ६४० असलेली फाइल गटाला वाचता येईल का?

(उत्तरं: पहिल्याचं नाही, कारण ५ मध्ये २ नाही. दुसऱ्याचं हो, कारण ४ म्हणजे वाचणे. पण वाटेवरची दारं उघडी हवीत हं!)