वेदनेची आणेवारी

मराठवाड्यातल्या माणसाला आणेवारी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सरकारदरबारी तिला आता पैसेवारी म्हणतात. पण ती पन्नास पैशांच्या वर गेली की खाली राहिली, यावर अख्ख्या गावाचे वर्ष ठरते. शिवारात उतरून, पीक कापून, वजन करून काढलेली पैसेवारी वेगळी आणि कचेरीत पंख्याखाली बसून कागदावर टाकलेली वेगळी, हेही आपण अनुभवाने शिकलो आहोत. मग ज्या घरात असाध्य आजाराने माणूस अंथरुणाला खिळला आहे, त्या घरातल्या दुखण्याची आणेवारी कोण काढतो? आणि ज्या संस्था, जी शुश्रूषा केंद्रे ‘आम्ही शेवटपर्यंत सांभाळतो’ असे सांगतात, त्यांचे काम कसे मोजायचे?

रुग्णालयाचा दर्जा ठरवणे त्या मानाने सोपे असते. किती शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या, किती रुग्ण बरे होऊन घरी गेले, हे विचारता येते. परंतु जिथे येणारा प्रत्येक रुग्ण जाणारच आहे, तिथे ‘किती बरे झाले’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो. मग आपण इमारत पाहतो, फरशी पाहतो, दर विचारतो आणि हात जोडून परततो.

“आता घरी न्या, सेवा करा.” हे वाक्य आपल्याकडे किती घरांनी ऐकले असेल! ते बोलणाऱ्या डॉक्टरांचा दोष असतोच असे नाही. शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते, औषधे थकलेली असतात आणि त्याच खाटेसाठी बाहेर व्हरांड्यात दुसरा रुग्ण सतरंजी टाकून बसलेला असतो. पण ‘सेवा करा’ म्हणजे नेमके काय करा, हे कुणी सांगत नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, आमच्या दाजींना, स्वादुपिंडाचा कर्करोग झाला तेव्हा हेच वाक्य आमच्याही पदरी पडले. दाजी वैजापूर तालुक्यातले शेतकरी. अक्काने विचारले, “सेवा करीन हो, पण रात्री हे ओरडायला लागले तर काय करू?” त्यावर उत्तर नव्हते. या लेखात पुढे जे काही लिहिले आहे, ते अक्काच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जमा झालेले आहे.

पूर्वी मराठवाड्यातला कर्करोगाचा रुग्ण रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरून मुंबईला ‘टाटा’त जाई. 2012 साली तेव्हाच्या औरंगाबादेत शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले, पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. आज जालना, बीड, परभणी, हिंगोलीच नव्हे, तर बुलडाणा-जळगावकडची माणसेही उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरला येतात. बरे होण्याची वाट जवळ आली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण जे बरे होणार नाहीत त्यांच्या परतीच्या वाटेवर सोबत कोण देणार, हा प्रश्न बराचसा तसाच राहिला.

या सोबतीचे एक शास्त्र आहे आणि ते फार जुनेही नाही. डॉ. सिसिली साँडर्स या बाई आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. मरणाच्या दारातल्या माणसाचे दुखणे केवळ शरीराचे नसते. मनाचे, संसाराचे, पैशाचे आणि श्रद्धेचेही असते, हे त्यांनी ओळखले आणि 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आपल्याकडे 1986 साली डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना हे भारतातले पहिले हॉस्पिस उभे राहिले. 1997 साली पुण्याजवळ वारज्याला सिप्लाचे केंद्र सुरू झाले. या दोन्ही ठिकाणी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. केरळात मात्र वेगळीच गोष्ट घडली. 1993 साली कालिकतला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा बाह्यरुग्ण विभाग काढला आणि पुढे गावोगावच्या सामान्य माणसांनी ते काम आपले म्हणून उचलले. 2008 मध्ये केरळ सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण केले आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिका स्थानिक पंचायतींच्या कारभाराचा भाग झाल्या.

बाकी देशाचे काय? ‘इकॉनॉमिस्ट’ समूहाच्या अभ्यास विभागाने 2010 साली 40 देशांतील मृत्युसमयीच्या सेवेची तुलना केली, तेव्हा भारत चाळिसावा, म्हणजे शेवटचा आला. केरळचा उल्लेख तेवढा कौतुकाने झाला. 2015 साली 80 देशांत आपण 67 वे होतो. आपली देशपातळीवरची ही पैसेवारी!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दाजींसाठी मी शहरात एके ठिकाणी चौकशीला गेलो. नाव सांगण्याचे कारण नाही. प्रवेशद्वारी गणपती, आत गुळगुळीत फरशी, वातानुकूलित खोल्या, प्रत्येक खोलीत टीव्ही. व्यवस्थापकांनी महिन्याचे पॅकेज समजावून सांगितले. मी विचारले, “मॉर्फीन ठेवता का?” ते म्हणाले, “ते लायसनचं लफडं असतं हो. आम्ही त्यात पडत नाही. लागलं तर इंजेक्शन देतो साधं.” मी पुढे विचारले, “रात्री डॉक्टर असतात?” “ऑन कॉल असतात,” असे उत्तर आले. मी आभार मानून बाहेर पडलो. टीव्हीची सोय उत्तम होती. पण कळवळणारा माणूस टीव्ही पाहत नसतो.

मॉर्फीनचा प्रश्न मी पहिला विचारला, त्याला कारण आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर तोंडाने घ्यायचे मॉर्फीन हे जगभर मान्यता पावलेले आणि स्वस्त औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 सालीच वेदनाशमनाची पायरी-पायरीची पद्धत सांगितली. तिचा गाभा असा, की औषध शक्यतो तोंडावाटे द्यावे आणि घड्याळ लावून द्यावे. रुग्ण विव्हळण्याची वाट पाहू नये. विरोधाभास असा, की मंदसौर-नीमचकडे परवान्याने अफू पिकवणारा आणि औषधांसाठी ती परदेशी पाठवणारा आपला देश स्वतःच्या रुग्णांना मात्र मॉर्फीन देऊ शकत नव्हता. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याचा धाक असा बसला, की दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे पुष्कळ सोपे झाले. तरीही जी संस्था आज ‘लफडं’ म्हणून हात झटकते, तिने वेदनेशीही हात झटकलेले असतात.

दुसरी खूण अगदी साधी आहे. मॉर्फीन सुरू करताना त्याच चिठ्ठीवर पोट साफ होण्याचे औषध लिहिले आहे का, ते पाहावे. मॉर्फीनने बद्धकोष्ठता होते, हे या कामात मुरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. ज्याला रुग्णाच्या कोठ्याची काळजी आहे, त्याला रुग्णाची काळजी आहे, असे खुशाल समजावे.

तिसरी खूण म्हणजे दुखण्याची नोंद. आम्हाला शेवटी घरी येणारी एक छोटी टीम मिळाली. एक डॉक्टर, एक सिस्टर, एक समाजसेविका. सिस्टरने पहिल्याच दिवशी शून्य ते दहा आकड्यांत दुखणे सांगायला सांगितले. दाजी नुसते बघत राहिले. तेव्हा ती हसून म्हणाली, “बरं काका, सोळा आणे दुखणं म्हणजे सहनच होत नाही असं. मग आत्ता किती आणे?” दाजी लगेच म्हणाले, “चौदा.” तिने वहीत लिहिले. औषधाची वेळ, मात्रा, झोप, शौच, सारे लिहिले आणि ती वही अक्काच्या हाती दिली. तिसऱ्या दिवशी आकडा चार आण्यांवर आला. त्या संध्याकाळी दाजींनी दुधात कुस्करलेली भाकरी मागून दोन घास खाल्ले आणि कपाशीला पाणी दिले का, म्हणून पोराला हटकले. रोग तसूभरही हटला नव्हता. पण घराचा कर्ता घरात परतला होता. अशा सेवेचे यश मोजायचे ते इथे.

चौथी खूण म्हणजे रात्र. संस्थेच्या माणसाला सरळ विचारावे, “रात्री दोन वाजता श्वास लागला तर मी कुणाला फोन करू? तो कोण उचलेल आणि मला काय सांगेल?” चांगली संस्था यावर गडबडत नाही. ती आधीच सांगून ठेवते, की हे-हे होऊ शकते. झाल्यास ही गोळी द्या, डोके उंच करा, खिडकी उघडा, या क्रमांकावर बोला. प्रत्येक वेळी कुणी धावून येईलच असे नाही. अंतरे मोठी आहेत. पण पलीकडे रुग्णाची वही ठाऊक असलेले माणूस असले, तर अर्धी भीती तिथेच संपते.

पाचवी खूण, घरच्यांना शिकवणे. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचे, कोरडे तोंड ओल्या कापसाने कसे पुसायचे, हे अक्काला दोन दिवसांत आले. जी संस्था घरच्यांना दाराबाहेर ठेवून सारे गुपचूप उरकते, तिच्याविषयी शंका घ्यावी.

सहावी खूण बोलण्याची. ‘त्यांना सांगू नका’ असे आपण सगळेच म्हणतो. चांगला डॉक्टर घरच्यांना झिडकारत नाही आणि रुग्णाशी खोटेही बोलत नाही. तो आधी विचारतो, “काका, तुम्हाला काय वाटतंय? किती जाणून घ्यायचंय?” दाजींना सारे ठाऊक होते. त्यांना सातबाऱ्यावरची नावे आणि धाकट्या पोरीचे लग्न, एवढेच मार्गी लावायचे होते. न बोलण्याने ते राहून गेले असते. उलट जो कुणी या टप्प्यावर ‘गॅरंटीने बरा करतो’ म्हणेल, त्याच्या दारातून माघारी फिरावे.

सातवी खूण नंतर कळते. माणूस गेल्यावर संस्था त्या घराची चौकशी करते का? तेरावा आटोपला, पाहुणे पांगले, की मागे राहिलेल्या बाईचे खरे दिवस सुरू होतात. अक्काकडे ती सिस्टर महिन्याने आली, चहा घेतला, उरलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या मोजून परत नेल्या आणि तासभर बसली. यासाठी कुठल्याही यंत्राची गरज नव्हती.

या खुणा मी मनाने काढलेल्या नाहीत. भारतात या क्षेत्रात काम करणाऱ्या डॉक्टरांनीच किमान निकषांची एक यादी तयार केली आहे. मॉर्फीनचा अखंड पुरवठा, वेदनेची लेखी नोंद, प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर आणि परिचारिका या गोष्टी तिच्यात अत्यावश्यक मानल्या आहेत. घरच्यांना शोकात आधार देणे, हेही तिच्यात आहे. इमारतीच्या भव्यतेला मात्र तिच्यात गुण नाहीत.

काही वाचक म्हणतील, हा सारा विचार अगदी शेवटी करायचा. तसे नाही. 2010 साली बोस्टनमधील डॉक्टरांनी पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 151 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून अशी उपशामक सेवा मिळाली, ते अधिक समाधानाने जगले आणि सरासरी काही महिने अधिक जगले. ‘तिकडे नेले म्हणजे संपले’ ही समजूत काढून टाकायला एवढे पुरे व्हावे. सर्वोच्च न्यायालयानेही 2018 साली, अखेरीस कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि 2023 साली त्याची रीत सोपी केली. हा विषय धडधाकट असतानाच घरात बोलावा, तो यासाठी.

राहिली गोष्ट आपल्या भागाची. सिल्लोड, कन्नड, गेवराई, घनसावंगीचा रुग्ण शहरातल्या कितीही चांगल्या खाटेवर महिनोन् महिने राहू शकत नाही, आणि त्याला राहायचेही नसते. त्याला आपल्या ओसरीवर, आपल्या माणसांत डोळे मिटायचे असतात. म्हणून संभाजीनगरातल्या कुठल्याही केंद्राचा दर्जा त्याच्या इमारतीत बसून ठरवू नये. तिथून घरी गेलेल्या रुग्णाच्या गावात पंधरा दिवसांनी जाऊन ठरवावा. गोळ्या उरल्या आहेत का, वहीत कालची नोंद आहे का, फोन उचलला गेला का? 2012 साली केंद्राने उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. आज गावपातळीवरच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीतही ती आहे. यादीतली सेवा आपल्या गावात उतरली का, हे ग्रामसभेत उभे राहून विचारायला काय हरकत आहे? रस्ता, पाणी, पीक विमा यांसाठी आपण विचारतोच.

पिकाची पैसेवारी चुकली तर आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, फेरपाहणीची मागणी करतो. अंथरुणावरच्या माणसाला मोर्चा काढता येत नाही. त्याच्या दुखण्याची आणेवारी शिवारात उतरूनच काढली पाहिजे, आणि त्यासाठी पहिला प्रश्न आपणच, त्याच्या उशाशी बसून, विचारायचा आहे, “आत्ता किती आणे दुखतंय?”