पाण्याचा आकडा खरा कधी? श्रीपूरपासून समुद्रापर्यंत

नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. तिथून जवळच माळशिरस तालुक्यातलं श्रीपूर आहे, ऊस आणि साखरेचं गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे किनाऱ्याच्या पाण्याची देखरेख, त्यासाठीचं प्रशिक्षण आणि मोजमापाची खातरजमा हे विषय इथे परके वाटतात. पण पाणी तपासण्याची शिस्त नदीकाठी आणि समुद्रकाठी एकच आहे. ती मोडली की अहवालातला चुकीचा आकडा खरा मानून निर्णय घेतले जातात. म्हणून या शिस्तीविषयीचे पुढचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज १ : किनाऱ्याच्या तपासणीशी आपला संबंध नाही.

वस्तुस्थिती : भीमा पंढरपूरवरून पुढे जाऊन कर्नाटक-तेलंगण सीमेलगत कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. वाटेत धरणं-बंधारे पाणी अडवतात, पण पूर आला की गाळ, खतांचे अंश आणि सांडपाणी वाहत पुढे जातं. १९९०च्या दशकापासून देशाच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्याची नियमित तपासणी होते. चेन्नईचं राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र आज हे काम पाहतं. किनाऱ्यावरच्या आकड्याचा अर्थ लावायचा तर नदीच्या वरच्या भागातल्या नोंदीही तितक्याच विश्वासार्ह हव्यात.

गैरसमज २ : बाटलीत पाणी भरायला प्रशिक्षण कशाला?

वस्तुस्थिती : बहुतेक चुका इथेच होतात. विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. विंकलर या रासायनिक पद्धतीत तर रसायनं घालून प्राणवायू नदीकाठीच स्थिर करावा लागतो. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली लागते. नमुना बर्फात ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. जड धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात, पण तेच आम्ल जिवाणूंच्या नमुन्यात पडलं तर जिवाणू मरतात आणि दूषित पाणीही निर्दोष दिसतं. समुद्रकाठी भरती होती की ओहोटी, हेही लिहावं लागतं, कारण काही तासांत पाणी पालटतं.

गैरसमज ३ : यंत्र महाग असलं की आकडा बरोबर येतो.

वस्तुस्थिती : यंत्राला पाण्याचा स्वभाव माणसानेच सांगायचा असतो. एकाच तापमानाला समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी प्राणवायू विरघळतो. मीटरमध्ये क्षारता भरली नाही तर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतो.

माणसाचा अंदाज किती महत्त्वाचा, याचं ऊसपट्ट्यातलं उदाहरण बीओडीचं, म्हणजे जिवाणूंना घाण कुजवायला लागणाऱ्या प्राणवायूचं. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. बाटलीतल्या पाण्यात प्राणवायू असतो लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम, तर डिस्टिलरीच्या कच्च्या स्पेंटवॉशचा, म्हणजे तिथल्या सांडपाण्याचा, बीओडी हजारोंच्या घरात. म्हणून नमुना अनेक पट पातळ करावा लागतो. ते प्रमाण चुकलं तर बाटलीतला सगळा प्राणवायू संपतो आणि निकाल निरर्थक ठरतो.

गैरसमज ४ : ऑनलाइन मीटर बसले, आता माणसांची गरज नाही.

वस्तुस्थिती : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये साखर आणि डिस्टिलरीसह जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन देखरेखीची यंत्रणा बसवायला सांगितलं. ते गरजेचंच होतं. पण सेन्सरवर शेवाळ आणि गाळाचा थर बसतो, आणि मीटरचा आकडा हळूहळू खऱ्यापासून सरकतो. वेळच्या वेळी सफाई, ज्ञात तीव्रतेच्या द्रावणाने कॅलिब्रेशन आणि प्रयोगशाळेतल्या निकालाशी पडताळणी केली नाही, तर चुकीचा आकडा चोवीस तास नोंदला जातो.

गैरसमज ५ : प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळांच्या मान्यता मंडळाची मान्यता आहे, म्हणजे तिचा प्रत्येक निकाल पक्का.

वस्तुस्थिती : आयएसओ १७०२५ या मानकानुसार मिळणारी मान्यता ठरावीक चाचण्यांपुरतीच असते. ती टिकवायची तर रोजचं काम चोख लागतं : शुद्ध पाण्याचा कोरा नमुना, दुहेरी नमुने, प्रमाणित संदर्भ पदार्थ आणि इतर प्रयोगशाळांशी निकालांची तुलना.

गैरसमज ६ : गावातली किटची तपासणी म्हणजे नुसता देखावा.

वस्तुस्थिती : जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवायचं ठरलं आहे. किट धोक्याची पहिली सूचना देतं. संशय आला की नमुना प्रयोगशाळेत जायलाच हवा. किटमधल्या रसायनाची मुदत पाहणं आणि रंग नीट उजेडात जुळवणं, एवढं शिकलेली बाई गावाचा आजार वेळीच रोखू शकते.

पाण्याचा अहवाल हाती आला की चार प्रश्न विचारायला हवेत : नमुना कुठे आणि केव्हा घेतला, कसा जपला, यंत्र शेवटचं कधी तपासलं आणि ही चाचणी मान्यतेत बसते का? ग्रामसभेत बसलेल्या कुणालाही हे विचारण्याचा हक्क आहे, आणि उत्तरं लेखी मिळेपर्यंत तो आकडा कच्चा समजावा.