क्रियाचिन्हांचे मानपान

लग्नघरी आधी विडा कोणाला द्यावयाचा यावरून रुसवेफुगवे होतात. संगणकाच्या भाषेत मात्र मानाचा क्रम आधीच ठरलेला असतो. तो ठाऊक नसला म्हणजे फसगत लिहिणाराची होते, यंत्राची नव्हे.

गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली पायथन ही शिकावयास सोपी भाषा घ्या. दोन विषयांत ६० आणि ८० गुण मिळाले. सरासरी काढण्यासाठी विद्यार्थी लिहितो, ‘६० + ८० / २’. अपेक्षा ७० ची. उत्तर येते १००. भागाकाराचा मान बेरजेच्या आधी, म्हणून ८० चे निम्मे ४० होतात आणि ते ६० मध्ये मिळविले जातात. बेरजेला कंस घातला की उत्तर ७० येते.

शाळेत ‘कंचेभागुबेव’ घोकलेल्याला यात नवल वाटणार नाही. पण ते सूत्रही जरा जपूनच वापरावे. त्यात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर, म्हणून ‘१० - ४ + ३’ यात कोणी बेरीज आधी करील, तर ३ उरतील. वास्तविक ही दोन्ही चिन्हे एकाच पंक्तीची. डावीकडून वाढत जावयाचे. उत्तर ९. गुणाकार-भागाकारांचेही तसेच. घाताची पंगत मात्र उजवीकडून बसते: दोनाचा तिसरा घात आणि त्यावर पुन्हा दुसरा घात असे ओळीने लिहिले, तर आधी तिनाचा वर्ग होतो आणि उत्तर ६४ नव्हे, ५१२ येते.

खरा घोटाळा होतो तो शब्दरूप चिन्हांत. ‘अँड’ म्हणजे आणि, ‘ऑर’ म्हणजे किंवा; पैकी ‘अँड’चा मान वरचा. समजा, एखाद्या शिष्यवृत्तीचा नियम असा: विद्यार्थी निर्धन किंवा अनाथ असावा, आणि त्याला किमान ६० गुण असावेत. हे शब्द त्याच क्रमाने, कंसावाचून लिहिले, तर गुणांची अट केवळ अनाथाला लागू होते. ३५ गुणांचा निर्धन विद्यार्थी यादीत येतो, तितक्याच गुणांचा अनाथ गळतो. पडद्यावर चुकीची एकही सूचना उमटत नाही, कारण भाषेच्या दृष्टीने वाक्य शुद्धच असते. ‘निर्धन ऑर अनाथ’ एवढ्याच शब्दांभोवती कंस घातला, की दोघांना एकच अट लागते.