बटण कुणाच्या हातात?

जबलपूरहून बोलतोय. आजचा विषय आहे सेन्सरी रूम, म्हणजे बहुसंवेदी कक्ष. मंद रंगीत दिवे, बुडबुड्यांची उंच नळी, मऊ गाद्या, हलकं संगीत, एखादा सुवास. डोळे, कान, नाक आणि स्पर्श यांना झेपेल तेवढंच आत, बाकीचा गोंगाट दाराबाहेर.

ही कल्पना नेदरलँड्सची. १९७०च्या दशकात तिथल्या एडे गावच्या 'डी हार्टेनबर्ग' संस्थेत यान हुल्सेगे आणि आड व्हेरहुल यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांसाठी अशा खोल्या उभ्या केल्या. त्यांनी नाव दिलं 'स्नूझेलेन'. हुंगत शोधणं आणि डुलकी घेणं या अर्थांचे दोन डच शब्द त्यात जोडलेले आहेत. धडा नाही, परीक्षा नाही, नुसतं रमायचं. पुढे ही खोली वृद्धाश्रमांत, विशेष शाळांत, मनोरुग्णालयांत गेली. अमेरिकेत पिट्सबर्गच्या विमानतळावरही ती आहे. स्वमग्न मुलाला घोषणा, रांगा आणि तपासणी एकदम अंगावर येतात, त्याला तिथे क्षणभर टेकता येतं.

एक घोटाळा मात्र टाळा. झोपाळे आणि मोठे चेंडू असलेली ऑक्युपेशनल थेरपिस्टची खोली वेगळी. ती अमेरिकेच्या जीन आयर्स यांच्या विचारावर चालते. तिथे मूल हालचाल करतं आणि थेरपिस्टच्या मनात ठरलेलं उद्दिष्ट असतं. आपल्याकडे २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. घरात लहान मूल असेल तर आधी तिथे चौकशी करा.

आता माझी फजिती. आई सत्त्याऐंशीची, डिमेन्शिया झालेला. दिवेलागणीला ती फार अस्वस्थ होते, 'घरी चला' म्हणत दाराशी जाते. मी मागची खोली रिकामी केली, रंग बदलणारे दिवे लावले आणि जुन्या सवयीने वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं: सहा वाजता दिवे, सव्वासहाला संगीत, साडेसहाला सुवास. आई डोळ्यांवर पदर ओढून बसली. बायको म्हणाली, "अहो, ही परेड आहे का?"

मग वाचायला बसलो. २०२१ साली कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी ४ ते १२ वर्षांच्या ४१ स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपकरणं मुलांच्या स्वतःच्या ताब्यात असली की त्यांचं लक्ष जास्त लागे, तेच ते वागणं कमी होई. अभ्यास मुलांचा, माझी आई म्हातारी, हे मान्य. पण माझी चूक मला दिसली. डिमेन्शियाबाबत तर २००२च्या कॉक्रेन आढाव्याला या खोल्यांच्या उपयोगाचा पक्का पुरावा मिळाला नव्हता, तेव्हा कुणी लाखांचं सामान विकायला आलं तर जरा थांबा. आणि घरात कुणाला फिट येत असेल तर लुकलुकणारे दिवे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच.

वेळापत्रक फाडलं. मोठ्या बटणाचा एकच दिवा ठेवला. शेजारी वाळ्याची जुडी, तिची जुनी मऊ नऊवारी आणि भजनातले टाळ. आईने पहिल्या संध्याकाळी काय केलं? दिवा बंद केला, मला संगीतही बंद करायला लावलं आणि टाळ मांडीवर घेऊन अंधारात बसली. वीस मिनिटं दाराकडे गेली नाही.

रोज असं होतं असं नाही. काही संध्याकाळी ती अजूनही दाराशीच असते. परवा मी आत डोकावलो तर म्हणाली, "चपला बाहेर काढ आधी."